दिघीच्या दारावरचा देवदूत

काळेवाडी
रविवार, ३० मार्च २०२५

आणि वर पाळकसाहेब म्हणतात, सोजरबाई, धीर धरा. कुठवर धरू? माझ्या पोरीच्या तोंडातून रोज एकेक शब्द चाललाय आणि मी धीर धरून बसू? डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितली, म्हणाला घसा स्वच्छ आहे, मोबाईल कमी द्या. तिच्याकडं मोबाईल नाहीच. शाळेतल्या बाई म्हणतात, साक्षी हट्टी झालीय, मुद्दाम बोलत नाही. अहो, सहावीतली पोर, फेब्रुवारीपर्यंत तिची बडबड थांबावी म्हणून मी हात जोडत होते. हट्ट करायला पण शब्द लागतात की नाही? हे ट्रकवर, गुजरातकडं गेलेत. फोनवर सांगितलं तर म्हणाले, तिला गावाला नेऊन आण. गावाला काय शब्द विकत मिळतात?

म्हणून आता हे पत्र चर्चबाहेरच्या प्रार्थनेच्या पेटीत टाकतेय. पाळकसाहेब, पेटी तुम्ही उघडली असेल तर हे तुमच्यासाठी नाही. घडी घाला आणि परत आत टाका. हे आमच्या दारावरच्या देवदूतासाठी आहे.

तर देवदूता, ऐक. दिघीच्या खोलीत राहायला गेलो तेव्हा आपल्यात करतात तशी घराची प्रार्थना केली होती. पाळकसाहेबांनी चौकटीवर हात ठेवून मागितलं की प्रभू, या दाराशी तुझा दूत उभा राहू दे. मी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, तिथं होतो तोवर घरात वाकडं काही शिरलं नाही. मग मालकानं खोली खाली करायला लावली, घाईघाईत काळेवाडीत आलो, आणि आल्या आल्या हे सुरू. मग तू करतोस काय? झोपा काढतोस?

मी डोळ्यांनी बघितलंय. कंपनीतून आले होते, ऊन अजून भिंतीवर होतं. साक्षी अभ्यासाला बसलेली. फ्रिजमागून करडं काहीतरी निघालं, ओल्या पोत्यासारखं. डोकं नाही, पाय नाही, हात मात्र लांबच लांब. साक्षीनं मला हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्यानं दोन बोटांनी तिच्या ओठावरून तो शब्द उचलला, ताटातला तीळ उचलावा तसा, आणि आपल्या पोटात खुपसला. मी लाटणं फेकून मारलं. लाटणं त्याच्यातून आरपार गेलं, फ्रिजला पोचा पडला. तेव्हापासून साक्षी मला आई म्हणत नाही. नुसती बघते.

तुला ठेवला कशाला होता? लगेच खुलासा पाठव.

सोजरबाई

*

दिघी, दाराशी
मंगळवार, १ एप्रिल

सोजर, भिऊ नकोस.

मी झोपलेलो नाही. आम्हाला झोप दिलेलीच नाही. तू जिथे उभं केलंस तिथेच मी उभा आहे. त्या दिवशी आमेननंतर तू आणखी एक वाक्य जोडलं होतंस, ते तुला आठवत नसेल. तू म्हणालीस, "आणि आम्ही सांगेपर्यंत याला इथून हलवू नकोस." ते वर पोचलं आणि तसंच लिहून घेतलं गेलं.

तुमचा टेंपो निघाला तेव्हा मी पाहत होतो. कपाट गेलं, शेगडी गेली, साक्षी गाद्यांवर बसून गेली. तिने दाराकडे हात हलवला. मला कुणीच चल म्हटलं नाही.

ही माझी पहिलीच नेमणूक आहे. दार कसं राखावं हे मला समोरच्या लष्करी छावणीच्या भिंतीवरच्या शिपायांना पाहून कळलं. ऊन असो, धूळ असो, दुसरा येऊन उभा राहिल्याशिवाय पहिला जागचा हलत नाही. मीही हललो नाही.

तू जे पाहिलंस त्याला आमच्याकडे मुकाट्या म्हणतात. ज्या दारावर पहारा नाही तिथून तो आत येतो आणि मुलांचे शब्द वेचतो. आधी रोजचे, मग प्रेमाचे. मुलाचं स्वतःचं नाव तो सगळ्यांत शेवटी घेतो. नाव गेलं की मूल त्याच्या मागे चालू लागतं, आणि तो नेईल तिथे जातं.

या दाराच्या आत आता दुसरं कुटुंब राहतं. त्यांचं बाळ समर्थ, अजून बोलायला लागायचं आहे. इथेही एक मुकाट्या रोज जिन्यापर्यंत येतो, मला पाहतो आणि परत जातो.

दाराचा दूत

*

काळेवाडी
बुधवार, २ एप्रिल

पहिली गोष्ट, मला सोजर म्हणू नको. चाळिशी उलटलीय माझी. माझी सासूसुद्धा मला सोजरबाई म्हणायची, आणि ती कुणाला मान देणाऱ्यांतली नव्हती. दुसरी गोष्ट, भिऊ नकोस, भिऊ नकोस काय लावलंय? कोण भितंय? मला राग आलाय. राग आणि भीती यातला फरक तुमच्यात शिकवत नाहीत का?

आणि पत्र माझ्या जेवणाच्या डब्यात कशाला टाकलंस? कंपनीत डबा उघडला तर भाकरीवर कागद, आणि कागदातून ऊन ऊन उजेड येतोय. शेजारी बसलेली तनुजा म्हणते, काय गं सोजरताई, लव्हलेटर आलं का? मी म्हटलं हो, एका बिनकामाच्या माणसाचं आलंय.

हलवू नकोस म्हटलं, तर हलायचंच नाही? माणूस बोलायच्या भरात बोलतं. टेंपो भरताना बघितलास ना? मग एक हाक मारता येत नव्हती, की अहो बाई, मी राहिलो? घरातला झाडू विसरला तर आम्ही परत जाऊन आणतो. तू तर अख्खा देवदूत!

बरं, झालं ते झालं. आता मी सांगतेय. मी, सोजरबाई, तुला दिघीच्या दारावरून मोकळा करते. आज सुटून आज इकडं ये. पवनेच्या पुलावरून काळेवाडीत उतरलास की चर्चच्या हॉलमागची गल्ली, पिठाच्या गिरणीशेजारी तळमजल्याची खोली. दारावर निळा पडदा आहे. नाहीतर मी साक्षीला घेऊन तिकडंच येते आणि तुझ्यासमोर बसवते. मग बघू कुठं बघतोस.

आज ती भात मागत होती. भात हा शब्द सापडेना. पातेल्याकडं बोट करून रडली. आणि त्या दुसऱ्यांच्या बाळाचं मला सांगू नको. तुला मी मागितला होता, त्यांनी नाही.

सोजरबाई

*

दिघी, दाराशी
शुक्रवार, ४ एप्रिल

सोजरबाई,

मान द्यायचा राहिला, क्षमा करा. मी डोंगरांच्या आधीचा आहे, त्यामुळे मला सगळेच लहान वाटतात. पुढे असं होणार नाही. पत्र डब्याच्या झाकणावर ठेवत जाईन.

साक्षीला इथे आणू नका. मुकाट्या तिच्या सावलीत बसून येईल. बाहेरून एकटा येणाऱ्याला मी अडवू शकतो, पण मुलाच्या सावलीत बसून आलेल्याला दार अडवत नाही. तो आत शिरेल आणि समोर बाळ असेल.

तुम्ही मला मोकळं केलंत, पण मला निघता येत नाही. माझ्या जागी कुणी आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम वरचा आहे. मी वर विचारलं. तुमच्या नव्या दारासाठी दुसरा दूत मिळावा म्हणूनही विचारलं. उत्तर आलं, थांब. तुमच्या या पट्ट्यात रोज इतक्या नव्या खोल्या उभ्या राहतात आणि रोज इतकी माणसं नव्याने उतरतात, की दारं फार आणि दूत कमी झाले आहेत.

आणि तुम्ही रागावाल, तरी लिहितो. या घरच्यांनी मला मागितलं नव्हतं, हे खरं. पण मी उभा असताना ते बाळ इथे आलं. रोज सकाळी उंबऱ्यापर्यंत रांगतं, माझ्याकडे पाहतं आणि हसतं. मोठ्यांना मी दिसत नाही, त्याला दिसतो. मी गेलो तर त्याचा पहिला शब्द त्याच्या तोंडात यायच्या आधीच जाईल. साक्षीचे शब्द परत तरी आणता येतात. जो आलाच नाही तो कुठून आणणार?

तोवर एक करा. साक्षीला सारखी नावाने हाक मारत राहा. कुणी हाक मारत असताना नाव उचलता येत नाही.

दाराचा दूत

*

काळेवाडी
बुधवार, ९ एप्रिल

थांब म्हणे. आमच्या कंपनीतपण हेच. माणूस द्या म्हटलं की साहेब म्हणतो, वर मागणी गेलीय. मला वाटायचं वर म्हणजे दुसरा मजला. आता कळलं, ती कुठवर जाते ते.

मी काल दिघीला येऊन गेले. तू बघितलंसच. पण तू तुझ्या जागेवरनं बघितलंस, मी माझ्या जागेवरनं सांगते. मी आले होते भांडायला. आधी तुझ्याशी, मग त्या घरातल्या बाईशी, की आमच्या नावानं आलेला दूत तुम्ही फुकटात वापरताय. दार उघडलं तर एवढीशी पोर, दिपाली नाव. परभणीकडची. नवरा भोसरीत लेथवर, सकाळी जातो तो रात्री येतो. मला बघून म्हणाली, "मावशी, पाण्याच्या टाकीचं विचारायला आलात का? या ना, बसा."

मी म्हटलं, "मी आधी इथं राहायचे."

तर रडायलाच लागली. म्हणाली, "मग तुम्हीच सांगा मावशी, या खोलीत काही आहे का हो? इथं उंबऱ्यापाशी चपला काढल्या की आपोआप बाजूला सरकतात. लेकरू तिथंच जाऊन बसतंय आन् हसतंय. माझी सासू म्हणती खोली सोडा."

आता मी काय सांगू? म्हटलं, "सोडू नको. चांगलं आहे ते. पाय ठेवायची जागा मोकळी लागते त्याला."

"कोणाला?"

"चहा कर," म्हटलं.

मग ते समर्थ आलं रांगत. माझ्या पदराला धरून उभं राहिलं आणि मला सगळं सांगितलं. ब्ब, ब्ब, ग्ग, थुंकीचे फुगे. साक्षी असंच सांगायची. मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. भांडायला गेलेल्या माणसासमोर असं हसायचं असतं का? चहा अर्धा टाकून निघाले. उंबऱ्यावर हात लावला तर मार्चमधल्या पत्र्यासारखा तापलेला, म्हणजे तू तिथंच. तुला चार शब्द सुनवायचे होते, ते बाळासमोर बोलवेनात. ते आता लिहिते. मठ्ठ आहेस. बाकीचे दोन बसमध्ये विसरले.

बसमध्ये डोकं चालवलं. मी चाकणला मोल्डिंग मशीनवर आहे, गाडीच्या दिव्यांची कव्हरं काढते. आमच्यातपण हाच नियम. पाळी संपली म्हणून उठून जायचं नाही, रिलीव्हर येऊन मशीनला हात लावील तेव्हा उठायचं. नाहीतर आत प्लास्टिक जळून बसतं. तुझं बरोबर आहे, हे मला कबूल करायचं नव्हतं, पण बरोबर आहे. मात्र एक गोष्ट तुला त्या शिपायांनी शिकवली नाही. रिलीव्हर वरनंच यायला पाहिजे असं कुठं आहे? बाजूच्या मशीनवरची बाई येऊन हात लावते. म्हणते, जा, मी बघते. तेवढ्यात माणूस जाऊन येतं. याला कुणाची सही लागत नाही.

तर मी येते. मी दार धरते, तू जाऊन माझी पोर सोडवून आण. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेच्या दुपारी. मी सुट्टी टाकलीय.

साक्षीला पत्रातलं वाचून दाखवलं. तिनं वहीवर चित्र काढलं, पंख असलेला माणूस दारात अडकलाय. ती हसली. हसायला शब्द लागत नाही, नाहीतर तेही गेलं असतं.

सोजरबाई

*

दिघी, दाराशी
शुक्रवार, ११ एप्रिल

सोजरबाई,

हे करू नका असं लिहिणार होतो. मग माणसाने दूताच्या जागी उभं राहू नये असा नियम आहे का, हे मी शोधलं. असा नियम कुणी केलेलाच नाही. हे कुणाच्या मनातच आलं नसावं.

तेव्हा नीट ऐका. मी उंबरा सोडला की जिन्यातला मुकाट्या वर येईल. तो तुम्हाला मारणार नाही, धक्काही देणार नाही. तो फक्त तुमचे शब्द उचलेल. तुम्ही पूर्ण गप्प झालात की दार उघडं. म्हणून बोलत राहायचं. काय बोलता याला महत्त्व नाही. प्रार्थना संपली तर शिव्या चालतील, पण हळू, आत बाळ आहे. उंबऱ्यावरून पाय काढायचा नाही.

तुमच्या दाराशी मी इतके दिवस होतो. तुम्हाला गप्प बसलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर त्या मुकाट्याची मला थोडी काळजी वाटते.

मलाही एक भीती आहे. तलवार त्याच्यातून तुमच्या लाटण्यासारखीच आरपार जाते. मी त्याला कधी समोरून भिडलेलो नाही. दारात उभं राहणं वेगळं.

दाराचा दूत

*

काळेवाडी
सोमवार, १४ एप्रिल

विनोद सुचतायत तुला. इकडं काय झालं ते ऐक.

आज जयंतीची सुट्टी, गल्लीत ढोलताशे. मी कपडे वाळत घालत होते, साक्षी साक्षी म्हणत. तू सांगितल्यापासून दिवसभर हेच चाललंय, शेजारीण म्हणते पोरीचं नाव झिजवाल. मिरवणूक आली, आवाजात माझीच हाक मला ऐकू येईना. वळून बघते तर साक्षी नाही. धावले. पुलाकडं चालली होती, एका सरळ रेषेत, आजूबाजूला न बघता. पुढं तिची सावली, आणि सावलीतून ते लांब हात, बोट धरल्यासारखे. मी खांद्याला धरून हलवलं, "साक्षी!" म्हणून ओरडले. तिनं माझ्याकडं बघितलं. कुणाला हाक मारतेय ही बाई, असं बघितलं.

आता तू भिडलास की नाही भिडलास, मला माहीत नाही. मी पण मशीनवर पहिल्या दिवशी बसले तेव्हा हात कापत होते. कापत्या हातानं काम केलं. तूही कर.

शुक्रवारी तीन तासांच्या उपासनेला तिला शेजारणीबरोबर चर्चला बसवते. मी बारा वाजायच्या आत दिघीला. दिपालीला म्हटलंय, तुझ्या घरी बसायला येतेय. ती म्हणाली, या मावशी, खिचडी करते. तिला उपास असतो का काय मला माहीत नाही, मला तर आहे.

सोजरबाई

*

पुलाखालून
शुक्रवार, १८ एप्रिल

सोजरबाई,

साक्षी घरी आहे. तुम्ही दिघीहून पोचाल तेव्हा तीच दार उघडेल. तरी लिहितो, कारण तुमच्या हाती येणारं हे माझं शेवटचं पत्रही असू शकतं.

तुम्ही उंबऱ्यावर पाय रोवलात आणि म्हणालात, "जा आता, बघतोस काय." मी निघालो. भोसरीच्या छपरांवरून, रेल्वेच्या रुळांवरून. भर दुपारी पवनेवरचा उजेड करडा झाला होता. साक्षी चर्चमधून निसटली होती आणि पुलाखालच्या वाटेने पाण्याकडे चालली होती. नदी जलपर्णीने काठोकाठ भरलेली. त्या हिरव्या गालिच्यातून मुकाट्या वर आला. तुमच्या फ्रिजमागे मावणारा तो आता पुलाच्या कमानीएवढा झाला होता. इतक्या मुलांचे शब्द त्याच्या पोटात खुळखुळत होते.

तलवार आरपार गेली. मग मी ती टाकली आणि त्याचे दोन्ही हात धरले. त्याच्या स्पर्शाने पंख जळले, पण मी हात सोडले नाहीत. तो मला पाण्यात ओढत होता. मी तिला ओरडून म्हणालो, "नाव सांग तुझं!" तिच्याकडे नाव नव्हतं. ते त्याच्या पोटात होतं.

यापुढचं मी केलेलं नाही. तिने केलं. ती पळाली नाही. पुढे आली, बाही वर सारली आणि त्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला. हाताला लागेल तो शब्द ओढून काढला. तो होता, "नाही". तिने तो तोंडात टाकला आणि इतक्या जोरात म्हटला की पुलावरची रिक्षा थांबली.

मुकाट्या उसवला. शब्द बाहेर पडले, पाखरांचा थवा उठावा तसे. मराठी, हिंदी, कन्नड, ओडिया, या पट्ट्यात जिथून म्हणून माणसं आली आहेत तिथले सगळे. साक्षी ओढणीत ते गोळा करत होती आणि निवडत होती. "हा माझा. हा नाही माझा, हा कुणाचा? जा रे घरी." असं म्हणत तिने कितीतरी शब्द ज्याच्या त्याच्या दाराकडे उडवून लावले. तिचं नाव सगळ्यांत खाली अडकलं होतं. ते मिळालं तेव्हा ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तू जळालास. दुखतंय का? पंखांना मलम चालतं का? तुझं नाव काय? तुला आई आहे का?" घरापर्यंत तिचं बोलणं थांबलं नाही.

आता दुसरं. मी जागा सोडली, हे वर कळलं आहे. आमच्या सेनापतींनी मला दारावरून उतरवलं आहे. रविवारी मला त्यांच्यासमोर उभं राहायचं आहे. तोवर दिघीच्या दारावर कुणी नाही. तुमच्याही.

दाराचा दूत

*

काळेवाडी
शनिवार, १९ एप्रिल

देवदूतांच्या सेनापतींना,

तुम्ही कोण, किती मोठे, मला माहीत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, वरच्या लोकांना कसं लिहायचं ते मला येत नाही. जसं येतं तसं लिहिते.

चौकशी कसली लावलीय? जागा सोडली म्हणे. कुठं सोडली? जागेवर मी होते. त्यानं मला चार्ज दिला, मी घेतला, मग तो हलला. आमच्या कंपनीतला सगळ्यांत खडूस सुपरवायझरसुद्धा याला जागा सोडली म्हणणार नाही.

मी काय केलं तेही ऐका, कारण ते त्यानं तुम्हाला सांगितलेलं नसणार. त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही, हे मला पहिल्या पत्रातच कळलं. तो गेला आणि ते करडं जिन्यातून वर आलं. मी आधी प्रार्थना म्हटली. तिचे शब्द एकेक करून गेले. मग मालकाला बोलले, पाण्याच्या टाकीला बोलले, डॉक्टरला, शाळेतल्या बाईंना, तुम्हालापण. सगळे शब्द त्यानं ओठांवरून वेचून घेतले. पीठ गेलं, बस गेली, कंपनी गेली. शेवटी तोंड उघडं आणि आत काही नाही. जन्मात पहिल्यांदा मी गप्प झाले. काय वाईट वाटतं हो. माझी पोर इतके दिवस त्यात होती, आणि मी तिला म्हणायचे, अगं बोल की.

दिपालीला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिला दिसली ती फक्त दारात उभी राहून घामाघूम झालेली, तोंड हलवणारी बाई. दुसरी असती तर हाकलली असती. ती बाळाला कडेवर घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मावशी, काय चाललंय मला कळंना, पर तुमी दार सोडंनात म्हणजे कायतरी हाय. मी बी हाय." आणि बोलत सुटली, बाळाला लाडानं. माझं सोनुलं, माझं ठोंब्या, माझा राजा, माझं दुधाचं दात. त्यानं तेही वेचले. तीही थांबली.

मग उरलं ते समर्थ. त्यानं त्या करड्याकडं बघितलं आणि सुरू केलं. ब्ब ब्ब ब्ब. ग्ग. थू. करड्यानं बोटं पुढं केली, चिमटीत धरायला गेला, तर धरायला काही नाहीच! शब्द असेल तर उचलील ना? हे तर अजून शब्दच झालेलं नाही. बोटं घसरत होती, बाळ हसत होतं, आणि हसलं की आणखी जोरात, ब्ब ब्ब ब्ब. तसं ते उपासना सुटायच्या वेळेपर्यंत चाललं. मग, तिकडं पुलाखालचं ते उसवलं त्याच घटकेला असणार, हेही उसवलं आणि एकदम आमचे सगळे शब्द परत आले, दोघी एकदम बोललो, आणि जिना मोकळा होता.

मी संध्याकाळी घरी आले. साक्षीनं दार उघडलं. "आई, उशीर केलास," म्हणाली. मी तिला काही बोलले नाही. मला बोलता आलं नाही, आणि यावेळी कुणी काही नेलेलं नव्हतं.

आता कामाचं. त्याला परत कामावर घ्या. पंख नीट करून द्या, ते कामावर असताना जळालेत. आणि त्याला दिघीच्याच दारावर ठेवा. माझ्या नाही. हे मी रात्रभर विचार करून लिहितेय, रागात नाही. माझी पोर आता स्वतः नाही म्हणू शकते, आणि तिची आई तर तुम्ही वाचताच आहात. ते बाळ अजून कुणाला हाकसुद्धा मारू शकत नाही. त्याच्या आईला माहीतही नाही की दारात कोण उभं होतं, आणि तुमच्या दूतानं तिच्याकडून थँक्यूसुद्धा मागितलं नाही. असला माणूस तुम्ही काढणार असाल तर ठेवणार कुणाला?

आमच्या दाराला दुसरा पाठवा. नवा असला तरी चालेल, शिकवून घेऊ. दूत कमी आहेत हे मला सांगू नका, ते तुमचं तुम्ही बघा. दारं वाढतात हे काय आज कळलं का?

तोवर दिघीला दिपाली आणि मी आलटून पालटून बसतोय. पण सोमवारी माझी पहिली शिफ्ट आहे आणि पहाटेची बस मी सोडू शकत नाही. म्हणून उत्तर उद्या रविवारी पाहिजे. साक्षी सकाळपासून माझ्या मागं लागलीय, आई, त्याचं काय झालं, त्याला परत पाठवणार का, त्याला शिक्षा होईल का. मी तिला काय सांगू?

सोजरबाई